दोन्ही बाजू सारख्याच पाहिजेत

अजून डोकं शांत झालेलं नाहीये त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या. घरी व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या असतात ना, त्यांचा) गिटार अॅम्प बांधतोय, मार्शल कंपनीच्या पहिल्या जेटीएम ४५ अॅम्पच्या सर्किटवरून, आणि त्यातल्या फेज इन्व्हर्टर नावाच्या भागाला (काय ते पुढे येतंच) दोन रेझिस्टर हवे होते, एक ८२ के म्हणजे ८२ हजार ओहमचा आणि एक १०० के. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत गेलो. येताना १०० के च्या दोन पुड्या घेऊन आलो. मधे काका होते.

काका दुकानाचे कोणी नाहीत. तेही गिऱ्हाईकच, टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण सुटं मिळतं का बघायला आलेले (नाही मिळत, पण अर्धा तास त्यावरही चर्चा झाली असणार). चष्म्याला दोरी, हाफ शर्ट, खिशात टेस्टर. माझी यादी काउंटरवर होती. काकांनी ती स्वतःची असल्यासारखी उचलली, हात लांब करून वाचली आणि म्हणाले, "हे ८२ काय आहे?"

"काका, फेज इन्व्हर्टरचं आहे."

"ते कळलं मला. एकीकडे ८२ आणि एकीकडे शंभर कसं? दोन्ही बाजू सारख्याच पाहिजेत. चुकून लिहिलंयस तू."

"नाही, मुद्दामच वेगळे असतात."

"कोण म्हणतं?"

आता कोण म्हणतं म्हणजे काय सांगायचं. लिओ फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने पन्नासच्या दशकाच्या शेवटी ५एफ६-ए नावाचा बासमन अॅम्प काढला त्यात ते तसे आहेत, मग १९६२ च्या सुमाराला लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानात, जो माणूस मुळात ड्रमर, त्याच्याकडच्या केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी त्या बासमनवरूनच आपला अॅम्प बेतला आणि ८२-१०० ची जोडी जशीच्या तशी ठेवली. हे सगळं मागून दोन माणसं "अहो जरा सरका" करत असताना कसं सांगणार? मी म्हणलं, "इंग्लंडच्या कंपनीचं सर्किट आहे काका."

"मग त्यांचं चुकलं असेल."

साठ वर्षं जगभर वाजतोय तो अॅम्प, पण असेल बाबा.

"मी रेडिओग्राम उघडलेत," काका आता दुकानाकडे तोंड करून बोलायला लागले, "पुशपुलचे. फेज फोडायला एक ट्रायोड, वर एक रेझिस्टर, खाली एक. दोन्ही सेम. एक जरी कमीजास्त झाला तरी आवाज फाटणार."

इथे पंचाईत अशी की काका खोटं बोलत नव्हते. पुशपुल म्हणजे लाकूड कापायची दोन माणसांची करवत, एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सोडायचं, त्यामुळे दोन आउटपुट व्हॉल्व्हना एकच सिग्नल एकमेकाच्या उलटा करून द्यावा लागतो, ते काम फेज इन्व्हर्टरचं. काका ज्याच्याबद्दल बोलत होते ते कॅथोडाइन. त्यात एकाच ट्रायोडच्या, म्हणजे तीन टोकांच्या व्हॉल्व्हच्या, प्लेटला (वरचं टोक) आणि कॅथोडला (खालचं) सारखे रेझिस्टर, दोन्हीतून करंट तोच जातो म्हणून व्होल्टेजही तेवढंच. फेंडरच्या ५ई३ डीलक्स अॅम्पमध्ये दोन्ही ५६ के आहेत. एकदम बरोबर. फक्त माझं सर्किट ते नाही!

माझं लाँग टेल पेअर. दोन ट्रायोड, दोघांचा कॅथोड एकत्र, सिग्नल पहिल्याच्या ग्रिडला (तिसरं टोक, सिग्नल आत घ्यायचं), आणि दुसऱ्याला जे काय मिळायचं ते कॅथोडकडून. त्या वाटेवर खाली एक रेझिस्टर लोंबतो, मार्शलमध्ये १० के चा, हीच ती लाँग टेल म्हणजे शेपूट, तो थोडा सिग्नल खातो. दुसरा त्यामुळे जरा अशक्त पडतो, म्हणून त्याच्या प्लेटला १०० आणि पहिलवानाला ८२. हे मी बिलाच्या पाठीमागे काढून दाखवायला लागलो आणि म्हणलं, "काका, हे बघा, खाली शेपूट आहे." दुकानातला पोऱ्या फिसकन हसला.

"पेन दे," काका म्हणाले. मला वाटलं सर्किट काढतायत. दिलं. तर त्यांनी माझ्या यादीतला ८२ नीट आडवी रेघ मारून खोडला, वर १०० लिहिलं, खाली सही केल्यासारखी एक रेघ ओढली आणि यादी शेठजींकडे सरकवली. "याला शंभरच द्या."

आणि शेठजींनी दिले! मी समोर उभा, पैसे माझे, अॅम्प माझा. "अहो मला ८२ पाहिजेत." "काका जुने आहेत, सांगतायत तर घ्या ना, आणि सुटे देत नाही, दहाची पुडी." मागचा एक जण, ज्याला स्पीकरची वायर हवी होती फक्त, तो पण म्हणाला, बरोबर बोलतायत काका. म्हणलं मग निदान मीटर लावून मोजून तरी द्या. "मोजायचं घरी." भिंतीवर पाटी, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

बँकेत स्लिप भरताना पण हेच होतं, शेजारचा माणूस आपली स्लिप वाचतो आणि चूक काढतो. पण निदान बँकवाला त्याचं ऐकून तुमचे पैसे भलत्या खात्यात टाकत नाही.

मंडईपर्यंत चालत येताना उत्तरं सुचत होती. व्हॉक्स एसी३० अॅम्पमध्ये दोन्ही बाजूंना १०० च आहेत, पण शेपूट ४७ के ची, म्हणून चालतं. आणि जुने रेझिस्टर १० टक्के इकडेतिकडे असायचे, म्हणजे ८२ वाला ९०.२ भरू शकतो आणि १०० वाला ९०, म्हणजे एखाद्या जुन्या अॅम्पात खरोखर दोन्ही बाजू सारख्या निघतील. पण हे सुचून काय उपयोग, हे तर काकांच्याच बाजूचं झालं.

खरा राग वेगळाच आहे. कधीकाळी बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्स ईसीसी८३ नावाचा व्हॉल्व्ह बनवायची, म्हणजे हाच आपला १२एएक्स७. आता तो स्लोव्हाकियाचा नाहीतर रशियाचा नाहीतर चीनचा मागवा, कस्टम भरा, फुटला तर नशीब. व्हॉल्व्ह शोधून मिळत नाही पण व्हॉल्व्हवर बोलणारा माणूस कुठल्याही गल्लीत उभा असतो, आणि पंचवीस-तीस वर्षांच्या मुलाला काय हवंय ते त्याला स्वतःला कळत असेल हे कुणाला खरंच वाटत नाही. मित्र म्हणतात कॉम्प्युटरवर अॅम्पचा आवाज काढणारं प्लगइन घे ना. घेतो हं.

घरी आल्या आल्या, कपडे पण न बदलता, आधी काकांचेच दोन्ही शंभर लावले. खुन्नस म्हणून. फीडबॅकची (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणणारी) वायर काढली, एक किलोहर्ट्झचा सूर सोडला, आउटपुट व्हॉल्व्हच्या दोन ग्रिडवर ऑसिलोस्कोपचे, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचे, दोन चॅनेल लावले. एक लाट साधारण १५ टक्क्यांनी उंच. हे घ्या, सारख्या बाजू! मग गिटार लावून फुल आवाज केला तर जरा जाड, भरलेला लागला, आणि काही लोकांना असा असमतोल मुद्दाम आवडतो म्हणे, पण मला तो त्या दिवशी आवडून घ्यायचा नव्हता.

ड्रॉवरमध्ये ४७० के पडलेला. १०० ला पॅरलल ४७० म्हणजे ८२.४६. झालं काम. दिसायला घाण दिसतं, एकाच्या पाठीवर दुसरा चढलेला, पण लाटा बऱ्यापैकी जुळल्या. प्लेटवर किती व्होल्ट आलेत ते मोजून सर्किटच्या कागदावर लिहायचं होतं. वर सप्लाय चारशेच्या आसपास असतो, त्यामुळे एक हात खिशात ठेवून दुसऱ्याने प्रोब लावायचा हा जुना नियम. हात खिशात घातला.

पेन काकांकडेच राहिलंय.