‘अमेरिकन लिटरेचर’च्या पुस्तिकेबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की एम.ए.च्या अमेरिकन लिटरेचरच्या पेपरसाठी क्लासने 650 रुपयांची स्पायरल पुस्तिका घ्यायला लावली, त्यातलं सगळं नेटवर फुकट मिळतं, आणि वर एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीच्या कवितेचं एक कडवंच गायब आहे. पुस्तिका घ्यायला लावली हे खरं, आणि कडवं गायब आहे हेही खरं. मनापासून माफी मागतो.

कडव्याचं आधी सांगतो, कारण रात्री बसून मी ते शोधलं. ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ ही कविता सहा कडव्यांची, आमच्याकडे छापली पाच. आम्ही ती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या वेबसाइटवरून घेतली होती. तिथला पाठ 1890 च्या पहिल्या संग्रहाचा. डिकिन्सन 1886 मध्ये गेली, आणि मागाहून संग्रह काढताना मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन या संपादकांनी कवितांवर बराच हात फिरवला. या कवितेला ‘द चॅरिअट’ असं नाव दिलं, चौथं कडवं गाळलं, शाळेजवळची मुलं मुळात ‘स्ट्रोव्ह’ (झटत होती) तिथे ‘प्लेड’ (खेळत होती) घातलं. ओळींमध्ये ती जागोजागी देते ते डॅशही गेले. वर्गात मी त्या डॅशवर अर्धा तास बोलतो आणि पुस्तिकेत डॅशच नाहीत! यात गुटेनबर्गचा काही दोष नाही, आवृत्ती कोणती ते मी पाहायला हवं होतं. एमिली डिकिन्सन अर्काइव्हवर तिच्या हस्तलिखितांची छायाचित्रं फुकट बघता येतात. एकदा तिच्या अक्षरातले ते डॅश बघाच, पुस्तकातल्या डॅशपेक्षा ते फार वेगळे दिसतात.

कवी वॉल्ट व्हिटमनचंही तसंच, आवृत्तीगणिक पाठ बदलतो. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ 1855 मध्ये निघालं तेव्हा त्यात बाराच कविता होत्या, आणि ‘साँग ऑफ मायसेल्फ’ हे नाव तर 1881 मध्ये आलं. वॉल्ट व्हिटमन अर्काइव्हवर त्याच्या हयातीतल्या अमेरिकन आवृत्त्या आहेत. पहिली आणि शेवटची शेजारी शेजारी उघडून वाचा. गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं 1845 चं आत्मकथन आणि तशाच हॅरिएट जेकब्सचं 1861 चं, दोन्ही नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या वेबसाइटवर पूर्ण आहेत.

व्याख्यानं हवी असतील तर येल विद्यापीठाचे ऑनलाइन ‘ओपन येल कोर्सेस’. एमी हंगरफर्ड यांचा 1945 नंतरच्या कादंबरीवरचा आणि वाय ची डिमॉक यांचा हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड, फॉकनरवरचा असे दोन्ही कोर्स फुकट आहेत. सोबत लेखी प्रतही असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी ती समोर ठेवून ऐकावं, आठवड्याभरात कान बसतो.

‘सगळं फुकट’ याला मात्र माझी हरकत आहे. अमेरिकेत 1978 पूर्वीच्या पुस्तकाचा कॉपीराइट साधारण प्रकाशनापासून 95 वर्षं चालतो, त्यानंतरच्याचा लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं. म्हणून 1925 चं ‘द ग्रेट गॅट्सबी’ तिथे 2021 मध्ये खुलं झालं, पण आर्थर मिलरचं 1949 चं नाटक ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ किंवा टोनी मॉरिसनची 1987 ची कादंबरी ‘बिलव्हेड’ अजून नाही. टेलिग्रामवर फिरणाऱ्या त्यांच्या पीडीएफ चोरीच्या असतात, आणि मधली पानं गळालेल्या प्रती मी स्वतः मुलांच्या मोबाइलवर पाहिल्या आहेत. अशी पुस्तकं लायब्ररीतून घ्या, नाहीतर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी प्रत शोधा. आणि नेटवरच्या आयत्या सारांशांना टेक्स्ट समजू नका. सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना ओळ देऊन प्रश्न आला की सारांश वाचलेला मुलगा तिथेच अडकतो.

या बॅचपासून पुस्तिका बंद केली आहे. वर सांगितलेल्या ठिकाणांची यादी एका पानावर छापून ऑफिसबाहेर ठेवली आहे. क्लासमध्ये नसलात तरी घेऊन जा, पैसे नाहीत. फी यापुढे फक्त शिकवण्याची आणि उत्तरं तपासून देण्याची.

गेल्या दोन वर्षांत ज्यांनी पुस्तिका घेतली त्यांना 650 रुपये परत मिळतील. संध्याकाळी पाच ते आठ ऑफिस उघडं असतं. पावती हरवली असली तरी या, आमच्या वहीत प्रत्येकाचं नाव आहे. पुस्तिका परत आणू नका, फक्त त्या कवितेच्या पानावर चौथं कडवं हाताने लिहून घ्या.