मिठाच्या चमच्याला बफ मारू नका

जुन्या चांदीच्या चमच्यांवरच्या एका लेखात म्हटलंय की इंग्रजी चांदीचा चमचा ओळखायला त्यावर चालणाऱ्या सिंहाचा छाप शोधा. बरोबर आहे, पण शेजारचे छापही बघा हो! जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं मुंडकं असेल तर लंडन. सोबत राजा किंवा राणीचा चेहरा असेल तर तो कर भरल्याचा छाप, म्हणजे साधारण १७८४ ते १८९० मधला माल. आणि 'ईपीएनएस' (EPNS) लिहिलेलं असेल तर ती चांदी नव्हे, दुसऱ्या धातूवर नुसता चांदीचा मुलामा. जुन्या बाजारात रविवारी असे ढिगाने दिसतात.

आता माझी कळकळ. आमच्या आजेसासूबाईंकडून आलेला मिठाचा चमचा माझ्या करंगळीएवढा आहे. त्याची वाटी आतून सोनेरी होती. ते नुसतं नटणं नव्हतं, मीठ चांदीला खातं म्हणून आत सोन्याचा पातळ थर द्यायचे. मी तो पेठेतल्या एका दुकानात उजळायला दिला आणि त्यांनी बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, सगळं सोनं घालवलं. आता वाटीत मोहरीएवढे काळे खड्डे पडलेत. फार वाईट वाटतं. मिठाचा चमचा वापरलात तर लगेच धुऊन कोरडा करा, मिठात रोवून ठेवू नका.

साखरेच्या चमच्यांचं तसं नाही, ते निवांत वापरा. मात्र वाटीला जाळीसारखी भोकं असतील तर तो पिठीसाखर भुरभुरवायचा. आमच्याकडे कित्येक वर्षं त्याला झारा समजत होते.