बोट मध्ये कुठेही लागणार नाही म्हणे!

आज दुपारी एका सहल-आयोजकाला फोन केला होता. दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीतून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जाणारी त्यांची बोट वाटेत कोणकोणत्या गावांना लागते, एवढेच मला विचारायचे होते. "मध्ये कुठेही लागणार नाही, किनाऱ्यावर पाहण्यासारखे काही नाही," असे उत्तर मिळाले आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

ज्या दाभोळातून एके काळी मक्केच्या यात्रेकरूंची गलबते सुटत, जे भरभराटीचे बंदर पोर्तुगीजांनी १५०८ साली जाळले, तिथे पाहण्यासारखे काही नाही? पाण्याजवळची ती जुनी मशीद, गुहेतली चंडिका, समोरच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड, वर गोवळकोटची करंजेश्वरी, हे सगळे ह्या माणसांच्या लेखी बोटीतून फोटो काढण्यापुरते आहे. आणि मधली गावे तर त्यांच्या नकाशावरही नाहीत.

माझ्या आत्याला मी ह्याच खाडीतून घेऊन गेलो होतो. आमचे मूळ घर ह्याच काठावरचे. ते आता उभे नाही, पण पाणी तरी बघायचे असा तिचा हट्ट होता. आम्ही ओळखीच्या एका तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्याची, होडी ठरवली. त्याने तिथीला पाऊणपट करून बोटांवर भरतीची वेळ काढली: चतुर्थी, म्हणजे चारचे पाऊणपट तीन, तेव्हा तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याआधी वरच्या अंगाला गाळात होडी टेकणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून पाणी चढेपर्यंत त्याने आम्हाला एका लहानशा गावाच्या धक्क्याला उतरवले. माझ्या दृष्टीने खरा प्रवास तिथे सुरू झाला.

धक्क्याच्या बाजूच्या खडकांवर दोन बाया कालवे काढत बसल्या होत्या. टोकदार लोखंडाने एक ठोका, शिंपले उघडे, आतला राखाडी गोळा डब्यात. हात एकदाही थांबत नव्हता. आत्या चपला हातात घेऊन चिखलातून सरळ त्यांच्याकडे गेली, कोणाच्या कोण ह्याची चौकशी झाली आणि अर्ध्या तासात आम्ही त्यांतल्या एकीच्या पडवीत तांदळाची भाकरी आणि कालवांचे कालवण जेवत होतो. जेवणाचे पैसे घ्यायला ती माउली तयार नव्हती. आत्याने ते बळेच तिच्या नातीच्या हातावर ठेवले.

सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे; १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. गावांतल्या जेट्या निसरड्या आहेत आणि पर्यटक कचरा टाकतात, हेही खरे. परंतु ह्यावरचा उपाय धक्का दुरुस्त करणे हा आहे, की गावेच वगळून टाकणे हा? २०१६ च्या कायद्याने ह्या खाडीला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ केले, दाभोळपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, आणि एवढ्या मोठ्या नावाच्या वाटेवर आत्याच्या वयाच्या माणसाला धड पाय ठेवता येईल अशी पायरी गावोगाव नसावी, ह्याची कोणालाच लाज वाटत नाही!

आयोजकांच्या बोटीवर गाणी मोठ्याने लावतात, मगर दिसली की ओरडतात आणि दोन तासांत सगळ्यांना परत आणतात. मगरी पाहाव्यात, कांदळवनही पाहावे, मी नाही म्हणत नाही. पण ज्या घराला दोन पैसे मिळायला हवेत ते घर नुसते पाहत राहते आणि बोट निघून जाते, हे मला सहन होत नाही. आमच्या आधीच्या पिढ्या मुंबईहून आगबोटीने आल्या. आगबोट दूर उभी राही, पडाव, म्हणजे किनाऱ्यावरची होडी, येऊन माणसे घेऊन जाई आणि प्रत्येक बंदरात माणसे उतरत, चढत. त्यांच्यासाठी समुद्र आणि खाडी ही गावांना जोडणारी वाट होती.

आत्याला त्या दिवशी निघवत नव्हते. पाणी चढले, तांडेल हाका मारू लागला, तरी ती त्या बाईशी कोणाच्या तरी लग्नाविषयी बोलत उभी होती. लिहिता लिहिता राग जरा उतरला आहे, कारण तिचा तो चेहरा आठवतो.

दिवाळीनंतर त्याच तांडेलाची होडी ठरवून आम्ही जाणार आहोत. तिथी पाहून दिवस ठरवू, वाटेतल्या दोन-तीन गावांना नक्की उतरू, दुपारचे जेवण गावातल्याच एखाद्या घरी आधी सांगून आणि पूर्ण पैसे देऊन घेऊ. ज्यांना यायचे आहे त्यांनी खाली लिहावे. कचरा ज्याने त्याने आपल्या पिशवीत परत आणायचा आणि होडीत गाणी लावायची नाहीत.