‘क्रिएटिनीन तर मर्यादेतच आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांचे मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंड या विषयावरील माझा लेख घबराट पसरवणारा आहे, तो मागे घ्यावा, असे आपण लिहिले आहे. वयोमानाने किडनी थकतेच, त्यात आजाराला दोष कशाला, हा आपला पहिला आक्षेप. आपल्या ७२ वर्षांच्या मातोश्रींचे क्रिएटिनीन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातील टाकाऊ पदार्थ) १.२ म्हणजे मर्यादेत असूनही त्या धास्तावल्या, हा दुसरा. आणि किडनी बिघडते ती बीपी-शुगरच्या गोळ्यांनीच, हा तिसरा.

पहिल्यात अर्धे तथ्य आहे. चाळिशीनंतर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दर वर्षी मिनिटाला साधारण एक मिलिलिटरने घटत जाते. परंतु निव्वळ वयापोटी डायलिसिसपर्यंत सहसा कोणी जात नाही. मधुमेहात वाढलेल्या साखरेमुळे गाळणीतील दाब वर्षानुवर्षे चढा राहतो आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते, तेही काही दुखत-खुपत नसताना. रक्तदाबाने मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, रक्तपुरवठा आटतो आणि त्याची भरपाई म्हणून मूत्रपिंडच रक्तदाब आणखी चढवणारी द्रव्ये सोडते. हे दोन्ही आजार पंधरा-वीस वर्षे एकत्र नांदत असतील, तर ‘वय झाले’ एवढे कारण पुरत नाही.

मातोश्रींच्या अहवालाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते आणि म्हातारपणी स्नायू झडतात. त्यामुळे गाळणी मंदावूनही आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. म्हणून वय आणि लिंग लक्षात घेऊन ई-जीएफआर, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा अंदाज, काढतात. तेच १.२ क्रिएटिनीन तिशीतल्या पुरुषाचे असेल तर ई-जीएफआर ८३ च्या आसपास येतो, आणि ७२ वर्षांच्या स्त्रीचे असेल तर सुमारे ४८. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. एका अहवालावरून तसा शिक्का मारता येत नाही, हेही लेखात स्पष्ट लिहिले होते.

तिसरा आक्षेप मात्र मला धोक्याचा वाटतो, कारण तो वाचून कोणी गोळ्या बंद करील. टेल्मिसार्टनसारखी बीपीची औषधे गाळणीतील दाब उतरवतात. सुरुवातीला क्रिएटिनीन किंचित वाढते आणि तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. गोळ्यांनाच दोष द्यायचा, तर आधी वेदनाशामकांकडे बोट दाखवावे लागेल. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात उभे आयुष्य विड्या वळण्यात गेलेल्या बायका पाठ आणि गुडघे धरून मेडिकलच्या पायरीवर येतात आणि पट्टीतून कापून दिलेल्या चार गोळ्या पदराच्या गाठीला बांधून नेतात. चिठ्ठी नसते, गोळीचे नावही ठाऊक नसते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी रुंद ठेवणारे द्रव्य अडवतात. त्यात बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असावी, मे महिन्यात पारा ४३ वर जावा आणि दोन दिवस जुलाब व्हावेत. एवढ्यावर चांगली चाललेली किडनी आठवड्याभरात बसू शकते. (गिधाडांचे गणित माणसाला जसेच्या तसे लागू नाही, तरी सांगतो : गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते, म्हणून २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली.)

लेख मागे घेणार नाही. मातोश्रींची पहिली तपासणी होऊन तीन महिने झाले की क्रिएटिनीन पुन्हा करून घ्या आणि अहवालावर ई-जीएफआर छापून मागा. सोबत सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाण तपासा; ते ३० च्या आत असेल तर काळजी बरीच कमी होईल. मातोश्री गुडघ्यांसाठी काही घेत असतील तर त्या गोळीची रिकामी पट्टी डॉक्टरांना दाखवा, आणि बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.