जिभेच्या मागच्या दाराने जिलबी

रविवारी सकाळी रामबागेत आत्याकडे गेलो. समोर पोहे, वर शेव-जिरावन, आणि शेजारच्या बशीत जिलबी. आत्याला शुगर आहे, जुनी. मान मागे टाकून ती चमच्याने जिलबीचा तुकडा थेट पडजिभेशी सोडत होती, लहानपणी आमच्या घशाला औषध लावायची तसा.

"असं खाल्लं की शुगर वाढत नाही रे. मेसेज आलाय."

मेसेज मीही वाचला. जिभेचे म्हणे चार प्रांत: शेंड्याला गोड, कडांना खारट-आंबट, मागे कडू. गोडाचे 'सेन्सर' फक्त शेंड्याला, म्हणून मधुमेहींनी गोड मागे ठेवून गिळावं. मेंदूला पत्ता लागत नाही, साखर वाढत नाही. तिखटाची चव मध्यभागी. चहाने पोळलेल्या जागेची चव कायमची जाते. तिखट लागलं तर पाणी नको, दूध प्या. शेवटी 'जनहितार्थ पुढे पाठवा'. हो, पाठवाच.

आधी तो नकाशा. 1901 साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेवर ठिकठिकाणी थेंब ठेवून पाहिलं, कुठे किती कमी मात्रेत चव कळते. फरक निघाला, पण जरासा. 1942 मध्ये हार्वर्डच्या बोरिंगने तेच आकडे अशा आलेखात मांडले की 'इथे थोडं कमी' हे लोकांनी 'इथे काहीच नाही' असं वाचलं. तिथून शाळेच्या पुस्तकांत रंगीत जीभ आली. मीही ती पाठ केली आहे. 1974 मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्जने प्रयोग पुन्हा केला: फरक आहे, पण नगण्य, आणि चारही चवी सगळ्या कडांना कळतात. तेव्हा मेसेजात तीळभर खरं आहे, हे मान्य. तिळाचा ताड मात्र त्यांचा.

उलट जिभेच्या मुळाशी गोल, ठसठशीत उंचवट्यांची एक रांग असते आणि त्यांच्या खाचांत स्वादकलिका दाटीने बसलेल्या असतात. एकेका कलिकेत गोड, कडू, आंबट, खारट आणि उमामी (पाचवी, रश्शासारखी चव), सगळ्यांच्या पेशी. म्हणजे ज्या 'मागच्या दाराने' जिलबी चोरून न्यायची, तिथेच पहारा कडक.

आणि क्षणभर धरून चालू की मेंदूला नाही कळलं. मग काय? साखर रक्तात जाते ती लहान आतड्यातून, जिभेची परवानगी काढून नव्हे. नळीने पोटात सोडली तरी ती चढेल. गोडाचा जो ग्राहक, म्हणजे मेसेजातला 'सेन्सर', जिभेवर असतो, टी१आर२ आणि टी१आर३ या दोन प्रथिनांची जोडी, तोच आतड्याच्या अस्तरातही सापडतो. लपायचं कुणापासून? शिवाय चवच लागणार नसेल, तर आत्या, जिलबी खायची तरी कशाला?

कापसाची काडी साखरेच्या पाण्यात बुडवून तिच्या जिभेच्या मागे टेकवली. एक ओकारी आली, मग म्हणाली, "गोड लागतंय की!" दोन तासांनी बोट टोचलं: 271.

"पोह्यांचं असेल."

बाकीचं झटपट. तिखट ही जिभेची चवच नाही, ती जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला चिकटतं तो खरा उष्णतेचा, साधारण 43 अंशांना जागा होणारा. डेव्हिड ज्युलियसच्या गटाने तो 1997 मध्ये शोधला, 2021 चं नोबेल त्याला उगीच नाही मिळालं. मिरच्या चिरून डोळ्याला हात लावला की कळतं. डोळ्याला काय चव असते? आयुर्वेदाच्या सहा रसांत कटू, म्हणजे तिखट, आहे, असू दे, ती वर्गवारी वेगळ्या कामासाठी आहे.

चहाने पोळल्याचं म्हणाल तर स्वादपेशी साधारण दहा दिवसांत नव्या येतात.

दुधाचं मात्र बरोबर. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातलं केसीन हे प्रथिन ते ओढून नेतं. पाचांतलं एक जमलं, बुवा.

आत्याने तो मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवरही टाकला होता. तिथेच हे टाक म्हटलं, तर चष्मा वर करून म्हणाली, "एवढं मोठं कोण वाचतंय?"