दाजींचा सोमवार

स्पेनमध्ये सायकल चालवताना काय काय त्रास होईल, याची यादी आम्ही साताऱ्यात बसून केली होती. चढ, ऊन, पंक्चर, भाषा, आणि चारचौघांत ज्याचं नाव घेता येत नाही तो बसण्याचा भाग. प्रत्येकावर उपायही काढून ठेवले होते. तीन महिने दर रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढलो. पॅडच्या चड्ड्या घेतल्या. भूक मात्र कुणाच्याच डोक्यात आली नाही. आम्हा चौघांच्या कमरांचे घेर बघता ते साहजिक होतं.

चौघे म्हणजे मी, डॉक्टर, सीए आणि दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना काही बोलता येत नाही, ताई त्यांच्या घरात आहे. दाजी सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात आणि उरलेल्या चार दिवसांत आठवड्याची तूट भरून काढतात. डॉक्टर जन्माचे शाकाहारी, पण अंडं चालतं. ते अन्न नसून औषध आहे असं त्यांचं मत. सीए सगळं खातो, फक्त बिल दोनदा तपासतो.

मार्ग होता कामिनोचा, म्हणजे सान्तियागोच्या ख्रिस्ती यात्रेचा जुना रस्ता. लेओनपासून सान्तियागोपर्यंत साधारण 310 किलोमीटर. सायकलवाल्यांना यात्रेचं प्रमाणपत्र हवं असेल तर शेवटचे 200 किलोमीटर पुरतात, पण सीए म्हणाला, थोडे जास्तच असू देत, ऑडिटला बरं पडतं. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "माउलींची पालखी लोणंदला येते तेव्हा चार पावलं चालायला तुझा गुडघा दुखतो. आणि तिकडं पैसे भरून जाणार?" यावर उत्तर नव्हतं. तिनं डब्यात शंकरपाळी भरून दिली.

जूनमधल्या एका शुक्रवारी लेओनहून निघालो. सपाट रस्ता, दुतर्फा शेतं, दर फाट्यावर पिवळा बाण. रस्ता चुकायची सोयच नाही. समोरून आलेला माणूस "ब्वेन कामिनो!" म्हणतो, आपणही म्हणायचं. दीड वाजता एक झकास खानावळ लागली. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच कशाला? आस्तोर्गाला पोचू आणि निवांत जेवू."

डॉक्टरांना मी बाकी सगळं माफ केलं आहे.

आस्तोर्गाला पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. पहिल्या खानावळीतला माणूस खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता. आमच्याकडे बघून तो फार प्रेमानं म्हणाला, "कोसिना सेरादा." स्वयंपाकघर बंद. पुढचे सहा दिवस हे दोन शब्द आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की दाजींना वाटायला लागलं, कोसिना सेरादा ही कुणीतरी पुढारी बाई असावी. कधी उघडणार? त्यानं आठ बोटं दाखवली, जरा विचार केला आणि नववं उघडलं.

आस्तोर्गा चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे. दुकानं काचेची आहेत, त्यामुळे दुपारच्या झोपेच्या वेळी बंद असली तरी आतलं सगळं व्यवस्थित दिसतं. दाजी एका काचेला कपाळ टेकवून उभे राहिले, मागं आले तेव्हा काचेवर टिळा उमटला होता. शेवटी गाउदी या वास्तुकारानं आखलेल्या बिशपच्या वाड्यासमोर बसून आम्ही आईची शंकरपाळी खाल्ली. हा वाडा गाउदीनं पुरा केलाच नाही. 1893 मध्ये बिशप वारले, बाकीच्यांशी त्याचं पटेना, आणि तो काम अर्धवट टाकून गेला. कारणं पुस्तकांत असतील ती असोत, माझा अंदाज असा की तोही सव्वाचारला पोचला असणार.

त्या रात्री सीएनं हिशेब मांडला. स्पेननं 1940 मध्ये घड्याळं एक तास पुढं केली ती परत मागं घेतलीच नाहीत. उन्हाळ्यात त्यावर आणखी एक तास. देश मात्र आहे तिथंच, पार पश्चिमेला. त्यामुळे सान्तियागोकडं जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो अडीच वाजता. "म्हणजे ही माणसं दोनला जेवतात तेव्हा खरे बारासुद्धा वाजलेले नसतात," सीए म्हणाला. "ती उशिरा जेवतच नाहीत. घड्याळ खोटं बोलतंय." हे ऐकून आम्हाला स्पॅनिश माणसाबद्दल आदर वाटला. पोटाला काही वाटलं नाही.

शनिवारी लोखंडी क्रुसाचा चढ. हा वाटेवरचा सगळ्यात उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटर. घरून आणलेला दगड क्रुसाखालच्या ढिगावर टाकायचा आणि मनावरचं ओझं उतरवायचं, अशी पद्धत. डॉक्टरांनी वजन वाचवण्यासाठी टूथब्रशची दांडी कापून आणली होती. दाजींनी पिशवीतून अजिंक्यताऱ्यावरचा चांगला पाऊण किलोचा दगड काढला. पिशवी माझी होती. पलीकडचा उतार इतका तीव्र की ब्रेक दाबून बोटं वळत नव्हती. एल असेबो गावाबाहेर एका सायकलस्वार यात्रेकरूचं स्मारक दिसलं, तिथून आम्ही चौघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही.

रविवार ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावाच्या चढाचा. इथं मला स्पेनच्या कायद्याविषयी तक्रार नोंदवायची आहे. सायकलला ओलांडताना गाडीनं दीड मीटर अंतर सोडलंच पाहिजे, असा तिथला नियम. अरुंद वळणाच्या रस्त्यावर तेवढी जागा नसली की गाडी गुमान मागं राहते. हॉर्न नाही, शिवी नाही. आपण ताशी सहाच्या वेगानं धापा टाकतोय आणि पाठीमागं एक सभ्य मोटार मयताला आल्यासारखी हळूहळू येतेय! महामार्गाच्या कडेनं जीव मुठीत धरून सायकल चालवायची सवय असलेल्या माणसाला हे सहन होत नाही. तिसऱ्या गाडीला दाजी उतरले, कडेला उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "जावा हो, जावा." ड्रायव्हरनंही हात जोडले. गाडी निघेना.

वर पोचलो. दगडी भिंतींची, गवताच्या छपरांची गोल घरं, धुकं, आणि चर्चजवळ एलियास वालिन्या या इथल्या पाद्रीबुवांचा अर्धपुतळा. 1984 पासून त्यांनी स्वतः डबा-ब्रश घेऊन वाटेवर पिवळे बाण रंगवले. थोर माणूस. मी नमस्कार केला, पण मनात आलं, एखादा बाण उघड्या खानावळीकडं काढायला काय हरकत होती?

डॉक्टरांचं मात्र एव्हाना बस्तान बसलं होतं. "मिश्र सॅलड" मागवलं की वर ट्यूना मासा येतो आणि "मांस नको" म्हटलं की हॅम येतं, कारण हॅमला तिथं कुणी मांस समजत नाही, हे दोन धडे त्यांनी पहिल्या दिवशीच घेतले. मग त्यांना तॉर्तिया सापडला. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, पाटासारखं. ते कुठल्याही बारमध्ये, कुठल्याही वेळी, काचेच्या पेटीत बसलेलं असतं. सकाळी तॉर्तिया, दुपारी पावात घालून तॉर्तिया, रात्री नुसता तॉर्तिया. चौथ्या दिवशी ते त्याच्याकडं बघून हसायला लागले, तेव्हा मला काळजी वाटली.

आणि आला सोमवार. गालिसिया, म्हणजे सान्तियागोचा प्रांत, तिथला पाऊस आपल्या पावसासारखा कोसळत नाही, अंगावर बसून राहतो. वाटेवरचे दगड सान्तियागोचं अंतर तीन दशांशांपर्यंत सांगतात. सीए प्रत्येक दगडाशी थांबून मागचा आकडा वजा करत होता. पोर्तोमारीनला पोचलो. धरणात गाव बुडालं तेव्हा इथलं चर्च दगड सुटे करून वर आणून पुन्हा उभं केलं. तेवढी चिकाटी आमच्यात उरली नव्हती. सरकारी धर्मशाळेत जागा आधी चालत्या यात्रेकरूंना, सायकलवाले नंतर. तिथं तासभर बाकावर बसलो. दरवाजा रात्री दहाला बंद. जेवण नऊला. म्हणजे बारा तास उपाशी राहायचं आणि एका तासात जेवून पळत सुटायचं.

बरोबर नऊला वाफाळते वाडगे आले. काल्दो. पालेभाजी, बटाटा, पांढरे घेवडे, पातळ रस्सा. दाजींचे डोळे भरून आले. "बघा, देवाला काळजी," असं म्हणत त्यांनी दोन वाडगे संपवले. तिसरा वाढायला मालकीणबाई स्वतः आल्या. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी भांड्याच्या तळात डाव घातला आणि डुकराचं भलंमोठं हाडूक अलगद दाजींच्या वाडग्यात ठेवलं.

टेबलावर शांतता. पावसाचा आवाज तेवढा.

"दाजी," मी म्हणालो, "आज सोमवार."

दाजींनी हाडकाकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला की त्यापुढं कामिनोवरचे साक्षात्कार फिके. "साताऱ्यात किती वाजले?"

सीएनं सवयीनं सांगून टाकलं, "साडेतीन तास पुढं. साडेबारा वाजून गेले."

"म्हणजे मंगळवार लागला," दाजी म्हणाले आणि हाडूक उचललं.

डॉक्टरांनी हरकत घेतली. आपल्याकडं वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही, पंचांग बघा. दाजी रस्सा ओरपत म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही शिकलेली माणसं. असल्या जुन्या गोष्टी धरून बसू नका."

मंगळवारी मेलिदेत दाजींनी लाकडी ताटलीतला ऑक्टोपस उघडपणे, दिवसाढवळ्या खाल्ला. वर तिखटपूड होती, त्यामुळे तो त्यांना आपल्यातलाच वाटला. बुधवारी सान्तियागोत कॅथेड्रलसमोर उभे राहून फोटो काढले. पावणेपाच वाजले होते. कोसिना सेरादा. गुरुवारी रात्री नऊला दाजींना साताऱ्यात शुक्रवार लागल्याचं आपोआप आठवलं.

परत आल्यावर पंधराएक दिवसांनी एका बुधवारी ताईकडं मुक्काम पडला. रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. दाजी फ्रिजसमोर उभे, हातात मटणाचं पातेलं. माझ्या मागोमाग ताई आली. तिनं घड्याळाकडं बोट दाखवलं. सव्वाबारा.

"अहो, गुरुवार लागला."

दाजी अजिबात दचकले नाहीत. त्यांनी खिडकीतून बाहेरच्या काळोखाकडं शांतपणे पाहिलं.

"सूर्योदय झाला का?"