खुलासा: ‘दरवर्षी सगळ्या तपासण्या करा’ या मेसेजबद्दल

‘लक्षणं नसली तरी दरवर्षी कर्करोगाच्या सगळ्या तपासण्या करा, लवकर सापडला की जीव वाचतोच,’ असा मेसेज फिरतो आहे. हे सरसकट खरं नाही.

दक्षिण कोरियात थायरॉईडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे सापडलेल्यांपैकी बऱ्याच गाठींपासून जिवाला धोका नव्हताच. कित्येकांची ग्रंथी निष्कारण काढली गेली, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या. धडधाकट माणसाला रुग्ण ठरवणं ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेले, लक्षणं नसलेल्यांची तपासणी कधी करावी याचे निकष रोगाची वाटचाल माहीत असावी, मान्य उपचार असावा, असं सांगतात.

या निकषांत बसणारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी ठरलेल्या वयात जरूर करा. त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जाच. ‘दरवर्षी सगळ्या तपासण्या करा’ हा मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.